गिनीपिगला पाला घालताना



मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. मग गिनीपिगच्या चाऱ्याबद्दल बोलायला हा माणूस कशाला, असे आपल्याला वाटेल. त्याचे उत्तर सरळ आहे. या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती आपल्या हातून होऊ नये म्हणून मी आज बोलतो आहे.

धाकट्या मुलीच्या हट्टापायी एका शिक्षक मित्राकडून मी दोन गिनीपिग घरी आणले. एक तांबूस, एक कबरा. उंदराच्या जातीचा प्राणी, म्हणजे धान्य खाणारच, असा मी हिशेब केला. ज्वारी, गव्हाचा कोंडा, भाकरीचा चुरा असे काही ना काही घालत होतो. घरात भाजी निवडली जाई तेव्हा देठे-पाला आपोआप त्यांच्यापुढे पडे. पुढे उन्हाळ्यात घरची मंडळी गावी गेली, भाजी बंद झाली आणि ताटली कोरडी पडली. तीन-एक आठवड्यांत तांबूस जनावर पाय ओढू लागले. उचलले की किंचाळे. खाणे सुटले. कुणाचा तरी पाय पडला असेल, असे म्हणून मी दोन दिवस दवडले. तिसऱ्या दिवशी ते मेले.

दुसऱ्याला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी त्याच्या हिरड्या पाहिल्या नि एकच प्रश्न विचारला, "सर, हिरवं काय घालता?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते म्हणाले, "याला स्कर्व्ही झालाय."

मंडळी, मला तिथे शरम वाटली. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला आला आणि परतताना अरबी समुद्रात त्याच्या खलाशांच्या हिरड्या सुजून माणसे दगावली, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. तोच रोग माझ्या ओसरीवर आला, तेव्हा मला ओळखता आला नाही.

याचे कारण असे. गाय, बैल, कुत्रा, उंदीर यांचे शरीर क जीवनसत्त्व स्वतः तयार करते. माणसाला ते जमत नाही, माकडाला जमत नाही, आणि गिनीपिगलाही जमत नाही. १९०७ साली नॉर्वेमध्ये होल्स्ट आणि फ्रोलिक या दोघा संशोधकांनी गिनीपिगांना नुसत्या धान्यावर ठेवले, तर त्यांना स्कर्व्ही झाला. ताजा भाजीपाला दिल्यावर तो टळला. त्यांनी प्रयोगशाळेत जे केले, तेच मी अज्ञानाने घरी केले.

आता काय घालावे ते सांगतो. मुख्य अन्न म्हणजे गवत. वाळलेले, स्वच्छ, बुरशी न लागलेले गवत दिवसरात्र पुढ्यात हवे. या प्राण्याचे दात जन्मभर वाढतात, ते गवत चावूनच झिजतात. त्याच्या जोडीला प्रत्येकी रोज एक मूठभर हिरवा पाला द्यावा. कोथिंबीर, म्हणजे विदर्भातल्या मंडळींचा सांबार, उत्तम. पुदिना आणि शेपू यांच्या दोन-चार काड्या चालतात. हरळी तर फुकट मिळते. मात्र एकट्या कोथिंबिरीवर भागत नाही. मोठ्या गिनीपिगला किलोमागे रोज साधारण १० ते २० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते, गाभण असेल तर त्याहून जास्त. म्हणून ढोबळी मिरचीचा बोटाएवढा तुकडा रोज द्यावा. पेरूची लहानशी फोड कधीमधी द्यावी, तो गोड असतो. शिजवलेले काही घालू नये.

पालक, चुका, राजगिरा यांत ऑक्झलेट फार असते. ते रोज नको. लसूणघासात चुना, म्हणजे कॅल्शियम, जास्त. पिलांना नि गाभण मादीला ती बरी, पण मोठ्या जनावराला रोज घातली तर मूत्राशयात खडा होण्याचा धोका वाढतो.

नावावर मात्र जाऊ नका. लसूणघासात लसूण नाही. पण खरी लसूण, कांदा आणि त्यांची पात घालायची नाही. गाजरगवतात गाजर नाही, ते विषारी आहे. त्याचे पान गाजराच्या पाल्यासारखेच दिसते नि मुले हमखास फसतात. बटाट्याचा व टोमॅटोचा पाला, अळू, रुई, कण्हेर, धोत्रा, घाणेरी ही सारी वर्ज्य. कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात हे शेतकरी बंधूंना ठाऊकच आहे; मग एवढ्याशा जिवाची काय कथा? गिनीपिगला ओकारी काढता येत नाही. पोटात गेले ते गेलेच.

घालण्याची रीतही सांगतो. औषध फवारलेल्या शेताच्या बांधावरचा किंवा रस्त्याकडेचा पाला आणू नये. आणलेला पाला धुऊन, पाणी निथळून द्यावा. नवी भाजी एका वेळी एकच, आधी दोन पानेच द्यावी, आणि लेंडी घट्ट राहते का ते पाहावे. इथेही मी चुकलो. दवाखान्यातून आल्यावर उत्साहाने सबंध जुडी ओलीच टाकली, नि बिचाऱ्याला हगवण लागली. उन्हाळ्यात उरलेला पाला दोन-तीन तासांत काढून टाकावा. आणि अर्धा दिवस जरी जनावराने काही खाल्ले नाही, तरी माझ्यासारखी वाट न पाहता दवाखाना गाठावा.

शिक्षक मित्रांना एक विनंती आहे. शाळेत गिनीपिग असतील, तर पिंजऱ्यावर दोन याद्या लावा: हे घालावे, हे घालू नये. पाल्याची पाळी मुलांना वाटून द्या, आणि सुटीत ही पाळी कुणाकडे, ते आधी ठरवा. आमचा घोटाळा सुटीतच झाला.

आमचा कबरा गिनीपिग वाचला. डॉक्टरांचे थेंब आणि रोजचा पाला यांवर पंधरा दिवसांत तो चांगला हिंडू-फिरू लागला. बाजारातून पिशवी आली की तो आता शीळ घालतो. मुलगी जुडी सोडते, पिवळी पाने बाजूला काढते, धुते आणि त्याच्यापुढे ठेवते. तिला हे मी शिकवलेले नाही. तांबड्याचे मरण तिने पाहिले होते.