उंच माणूस आणि ठेंगणी गाडी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून, वक्त्याने नजरेखालून घातलेला मजकूर.)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना ‘मोठ्या उंचीवर पोचलेले’ असं म्हटलं. उंचीवर मी कुठं पोचलो नाही, ती सोबत घेऊनच या शाळेत आलो होतो. आज सहा फूट तीन इंच आहे. मघाशी माइक वर करायला दोघं जण लागले, ते तुम्ही पाहिलंच. आपल्या शाळेच्या काळात अमिताभचे सिनेमे टुरिंग टॉकीजला लागायचे आणि गावोगावच्या प्रत्येक उंच पोराचं नाव ‘लंबू’ पडायचं. माझंही पडलं. तेव्हा आपलं हिंगोली परभणी जिल्ह्यातला तालुका होतं, 1999 मध्ये त्याचा जिल्हा झाला, पण माझं नाव काही बदललं नाही.

मला ‘यशाची वाटचाल’ या विषयावर बोलायला सांगितलंय. माझी वाटचाल म्हणजे पुण्याच्या एका कंपनीत एकतीस वर्षं मोटारींच्या सीट तयार करणं. लोक कुठं पोचले ते तुम्हाला इतर वक्ते सांगतील. लोक बसले कसे, तेवढं मी सांगू शकतो. त्यातही आज एकाच प्रश्नाबद्दल बोलणार आहे, कारण तो प्रश्न मला आपल्याच वर्गातल्या एका मित्रानं विचारलाय. तो पुढच्या रांगेत बसलाय. नाव सांगत नाही, शेजारी वहिनी आहेत आणि त्यांना गाडीची किंमत अजून माहीत नाही.

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. “लंबू, पोरगं येडं झालंय. पुण्यात एकाकडं जुनी इंग्रजी स्पोर्ट्स गाडी हाय, ती घ्यायची म्हनतंय. पोरगं तुझ्याएवढं वाढलंय आन् गाडी माझ्या कमरंएवढी हाय. मावंल का रं त्यात?”

गाडी होती एम.जी. टीसी. आज आपल्या रस्त्यांवर हेक्टर नावाची गाडी दिसते, ते नाव ज्या जुन्या ब्रिटिश कंपनीचं, तिचीच ही गाडी. 1945 ते 1949 या काळात या गाड्या निघाल्या, साधारण दहा हजार. लांब नाक, सायकलसारखी तारांची उंच चाकं, पुढे पाडता येणारी काच, आणि कोपर बाहेर राहावं म्हणून वरून कापलेली दारं. ती फक्त उजव्या स्टिअरिंगची निघाली, तरी अमेरिकनांनी ती आवडीनं नेली. दिसायला इतकी देखणी की तिच्याजवळ गेलेला माणूस आधी हात फिरवतो आणि मग विचार करतो.

आता मावेल का, हा प्रश्न. इथं मला आपला शेवटचा बाक आठवतो. मी आणि माझा बाकमित्र. उभे राहिलो की मी त्याच्यापेक्षा चार बोटं उंच. बाकावर बसलो की तो माझ्यापेक्षा उंच. गणिताचे सर त्याला म्हणायचे, “तू उभा आहेस की बसला आहेस, एकदा ठरव.” वर्ग हसायचा. त्याचं धड लांब आणि माझे पाय लांब, एवढीच गोष्ट होती. ती मला नोकरीत लागल्यावर कळली, आणि कळल्यावर मी एकटाच हसलो. उंची हा एक आकडा आहे, पण गाडीत आकडा बसत नाही. धड वेगळं बसतं, मांडी वेगळी बसते, पोटरी वेगळी बसते. सहा फूट दोन इंचांचे दोन सख्खे भाऊ एकाच गाडीत बसवा, एकाचं डोकं टपाला लागेल आणि दुसऱ्याचा गुडघा स्टिअरिंगला.

आणि स्पोर्ट्स गाडीतच हे का होतं, टॅक्सीत का होत नाही? मुंबईची जुनी काळीपिवळी पद्मिनी आठवा. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात बनायची, ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस टॅक्सी म्हणून ती रस्त्यावरून गेली. साधी गाडी, पण मी तिच्यात ऐसपैस बसायचो. कारण तिच्यात माणूस खुर्चीत बसावा तसा ताठ बसतो. पाय खाली जातात. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, त्यामुळे पायांच्या मधली जागा मोकळी, डावा गुडघा हवा तिकडं सोडा. स्पोर्ट्स गाडीला वारा कापायचा असतो, जमिनीला चिकटून वळायचं असतं, म्हणून ती ठेंगणी करतात. गाडी ठेंगणी झाली की माणूस आडवा होतो, आणि आडवा झाला की पाय पुढं पसरतात. पुढं काय असतं? इंजिन. मधे गिअरबॉक्सचा फुगवटा. बाजूला चाकाची कमान. म्हणजे ज्या गाडीत पायांना सगळ्यात जास्त लांबी लागते, तिथंच सगळ्यात कमी असते.

हे मोठमोठ्यांना भोवलंय. जग्वारची ई-टाइप 1961 मध्ये आली, जगातल्या सुंदर गाड्यांत तिचं नाव घेतात. पण पहिल्या गाड्यांची पायाखालची फरशी सपाट होती, टाचेला जागा नव्हती. पुढच्याच वर्षी त्यांनी फरशीला खड्डा पाडला, सीट मागं जायलाही जागा वाढवली. म्हणून जुनी ई-टाइप बघायला जाणारा उंच माणूस आधी वाकून फरशी बघतो. संग्राहकांना सपाट फरशीची गाडी अधिक मोलाची वाटते, ती गोष्ट वेगळी. गैरसोयीलाही भाव येतो. मर्सिडीजची 1954 ची 300 एसएल, ती पंखासारखी दारं वर उघडणारी, तिचा उंबरा इतका उंच आणि रुंद होता की आत शिरता यावं म्हणून स्टिअरिंगचं चाकच खाली दुमडायची सोय केली.

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट फोर्डची. जीटी40 मधला चाळीस म्हणजे तिची उंची, चाळीस इंच. तुमच्या घरच्या ओट्यापेक्षा चार बोटं जास्त. 1967 मध्ये फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीला डॅन गर्नी नावाचा अमेरिकन ड्रायव्हर त्या जातीची गाडी घेऊन उतरला. तोही माझ्याच उंचीच्या जवळपास. हेल्मेट घातलं की डोकं टपाला भिडायचं. त्यांनी काय करावं? त्याच्या डोक्यावरच्या टपाला एक टेंगूळ काढलं. सरळ, उघड, सगळ्यांना दिसेल असं. गर्नी आणि त्याचा जोडीदार ए. जे. फॉइट ती शर्यत जिंकले. त्या टेंगळाला आज त्याच्या नावानं ओळखतात.

सगळ्यांनाच असं टेंगूळ मिळत नाही. नायजेल मॅन्सेल हा जगज्जेता ड्रायव्हर, 1995 मध्ये मॅक्लारेनकडं आला तर गाडीची बैठकच त्याला अरुंद. पहिल्या दोन शर्यती तो घरी बसला, गाडी रुंद होईपर्यंत.

तुम्ही म्हणाल, ही शर्यतींची गोष्ट, आम्हाला काय त्याचं. मला काय त्याचं, ते आता सांगतो. हे मी या शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं.

माझे वडील, अण्णा, ट्रक चालवायचे. तुमच्यापैकी काहींनी पाहिलंय त्यांना, माझ्यापेक्षा इंचभर उंचच. मालकाचा एकच ट्रक होता. मालक बुटका, अधूनमधून स्वतः चालवायचा, म्हणून त्यानं सीटखाली लाकडी पेटी ठोकून सीट उंच आणि पुढं घेतली होती. अण्णांनी ती काढायची परवानगी मागितली, मिळाली नाही. 1976 च्या सुगीत कापूस घेऊन येताना कयाधूच्या पुलाच्या अलीकडं एक बैलगाडी आडवी आली. ब्रेक लागला, पण उशिरा लागला. गाडीवान वाचला. एक बैल गेला. मालकानं चारचौघांत अण्णांना सांगितलं, “एवढा ताडमाड माणूस, तुझं तुला सावरत नाही, गाडी काय सावरणार.” त्या दिवसानंतर अण्णांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. दुसऱ्याच्या शेतावर गेले. बैलाचे पैसे दोन वर्षं फेडत होते. माझी नववी आणि दहावी त्याच दोन वर्षांतली, आणि माझी फी कोणत्या सरांनी भरली ते सरांना माहीत आहे. ते इथं बसले आहेत.

पुढं पुण्यात कामाला लागलो. पुण्यातच देशाची मोटार संशोधन संस्था आहे, ए.आर.ए.आय., 1966 पासूनची. तिच्या अहवालांशी, मोजमापांशी रोजचा संबंध. सीटवर माणसाऐवजी एक जड पुतळा बसवतात आणि त्याचा खुबा नेमका कुठं येतो ते मोजतात. त्या एका बिंदूवरून सगळं ठरतं: पेडल किती लांब, स्टिअरिंग किती वर, डोळा कुठं. साधारण हिशेब असा, की शंभर बायका उंचीनं ओळीत उभ्या केल्या तर बुटक्या टोकाकडून पाचवी, आणि शंभर पुरुषांत तसाच पंच्याण्णवावा, या दोघांमधल्या सगळ्यांना गाडी जमली पाहिजे. मी आणि अण्णा शंभरातले शेवटचे. आमचा हिशेब कुणी धरलेलाच नसतो. आपल्या भारतीय शरीरांच्या मापांचं जाड पुस्तक अहमदाबादच्या एन.आय.डी.नं 1997 मध्ये काढलं. त्याआधी आम्ही बरीचशी कामं परदेशी मापांवरच ढकलायचो.

तर 1991 मध्ये एकदा एका सीटची चाचणी करताना मी स्वतःच बसलो. सीट मुद्दाम चार इंच वर घेतली होती. उजवा गुडघा स्टिअरिंगच्या कड्याखाली अडकला. अ‍ॅक्सिलरेटरवरून ब्रेकवर पाय न्यायचा तर पाऊल उचलावं लागतं, आणि पाऊल उचलायला गुडघा वर जावा लागतो. तो जाईना. आधी गुडघा दाराकडं फाकवायचा, मग पाऊल उचलायचं, मग आत आणायचं. अर्धा सेकंद जास्त. ताशी 40 किलोमीटरला अर्ध्या सेकंदात गाडी साडेपाच मीटर जाते. आपल्या वर्गाच्या लांबीपेक्षा कमी. मी त्या सीटवर तसाच बसून राहिलो. सहकारी म्हणाले, उतरा, दुसऱ्याला बसू द्या.

दिवाळीला गावी आलो तेव्हा अण्णांना सगळं समजावून सांगितलं. अंगणात बाजेवर बसवून, परातीचं स्टिअरिंग करून. म्हटलं, चूक तुमची नव्हती, त्या पेटीची होती. त्यांनी शांतपणे ऐकलं. परात मला परत दिली. मग म्हणाले, “आसंल. पर बैल तर माझ्याच हातून गेला ना.” त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण त्या रात्री जेवताना त्यांनी आईला विचारलं, “त्या पेटीची उंची किती होती, तुला आठवतंय का?” आणि हातानं दाखवत बसले. एवढंच. पंधरा वर्षांत त्यांनी त्या ट्रकचं नाव पहिल्यांदा काढलं होतं.

म्हणून मित्रानं फोनवर “मावंल का” विचारलं, तेव्हा मी त्याला म्हटलं, मावतो सगळेच. माणूस स्वतःला दुमडून कुठंही मावतो, आपण काळीपिवळी जीपमध्ये पुढं पाच जण मावून औंढ्याला जायचोच की. ब्रेकवर पाय वेळेत जातो का, ते बघू.

गेलो. मुलगा सहा फूट दोन, पाय माझ्यासारखे लांब. उघडी गाडी, त्यामुळे डोक्याचा प्रश्न नव्हता, पण डोळे थेट काचेच्या वरच्या पट्टीच्या रेषेत. स्टिअरिंग छातीजवळ. दोन्ही गुडघे कड्याच्या दोन बाजूंना, बेडकासारखे. आणि पायातले बूट इतके रुंद की क्लच दाबताना ब्रेकही दाबला जात होता. मुलगा म्हणाला, “काका, एकदम कम्फर्टेबल आहे.” मी म्हटलं, बाळा, वीस मिनिटं असाच बस आणि वीस वेळा क्लच दाब, अकरा वेळा मी मधेच ‘ब्रेक’ म्हणेन. अकरापैकी तीनदा त्याचा पाय अडकला. नंतर उतरताना त्यानं मांडी चोळली, बोलला काही नाही.

याला उपाय नाहीत असं नाही. उंच माणसं या जुन्या गाड्यांत काय काय करतात ते बघायला मजा येते. सीटची गादी काढून पातळ गादी टाकतात, सीटच्या रुळांऐवजी ती सरळ फरशीला बोल्टनं बसवतात, लहान व्यासाचं स्टिअरिंग लावतात. माझदाची 1989 ची मियाटा घेतलेले उंच लोक तर सुरी घेऊन सीटमधला फोमच कापतात, हे मी स्वतः पाहिलंय. पातळ सोलचे अरुंद बूट हा सगळ्यात स्वस्त उपाय. एकच ताकीद: खाली बसल्यानं गुडघा मोकळा होतो, पण डोळाही खाली जातो. काचेची पट्टी नाकासमोर येत नाही ना, ते मोजून बघा. आणि जुनी गादी फेकू नका, पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा. गाडी विकायची वेळ आली की तीच शोधाल.

गाडीचा मालक चांगला निघाला. गादी बदलून बघायला हरकत नाही म्हणाला. मी दोन इंची फोम आणि एक प्लायवूडचा तुकडा कापून ठेवलाय. येत्या रविवारी आम्ही तिघं पुन्हा जाणार आहोत. मुलाला सांगितलंय, बूट बारके घालून ये. आणि वहिनी, तुम्हीही चला, किंमत तिथंच कळेल.