वेगळ्या वाटेने जाणाऱ्या रक्तवाहिन्या



शरीररचनेच्या पुस्तकात महाधमनीच्या कमानीतून तीन शाखा निघतात आणि ऊर्ध्व महानीला एकच असते, तीही उजवीकडे. बहुतेक माणसांत हे खरेच असते. हृदयाच्या सर्जनचा कस मात्र उरलेल्या माणसांत लागतो.

टेट्रॅलॉजी ऑफ फॅलो हा निळ्या बाळांचा विकार त्याचे ठळक उदाहरण. उजव्या निलयातून फुप्फुसधमनीकडे जाणारी वाट अरुंद असते. ती पुष्कळदा उभी चिरून तिच्यावर ठिगळ लावावे लागते. पण या विकाराच्या शंभरांपैकी साधारण पाच मुलांत एलएडी ही कोरोनरी शाखा डावीकडून न निघता उजव्या कोरोनरीतून निघते आणि जिथे चीर द्यायची, नेमकी तिथूनच आडवी जाते. कधी ती चरबीखाली झाकलेली असते, कधी स्नायूत बुडालेली. ती कापली गेली तर डाव्या निलयाचा पुढचा भाग आणि मधला पडदा रक्तावाचून राहतो; बाळ टेबलावरच दगावू शकते. म्हणून जाणता सर्जन आधी इको आणि सीटीवर दोन्ही कोरोनरींचे उगम शोधतो, आणि छाती उघडल्यावरही सुरी लावण्याआधी पृष्ठभाग पुन्हा निरखतो. शाखा आडवी आलीच, तर तिला धक्का न लावता वरून कृत्रिम नळी बसवण्याचा मार्ग असतो. या निरखण्यात गेलेली चार मिनिटे वाया गेली असे कोणी म्हणू नये.

डाव्या बाजूची जादा महानीला हजारात तीन ते पाच जणांत आढळते. जन्मजात हृदयविकारात तिचे प्रमाण बरेच जास्त. एरवी ती निरुपद्रवी. मात्र हार्ट-लंग मशीन लावून उजवे अलिंद उघडले की कोरोनरी सायनसमधून तिचे रक्त येतच राहते आणि शस्त्रक्रियेची जागा दिसेनाशी होते. कोणी ती सरळ बांधून टाकू नये. दोन्ही महानीलांना जोडणारी नीला नसेल, तर डोक्याकडचे रक्त तुंबते.

उजव्या हाताची धमनी कमानीच्या शेवटच्या टोकाकडून निघून अन्ननलिकेमागून जाते, अशीही माणसे असतात. डेव्हिड बेफर्ड या इंग्रज शल्यविशारदाने अशा धमनीमुळे गिळता न येणाऱ्या एका स्त्रीची हकीकत नोंदवली. ती 1794 साली छापून आली. कमानीच्या शस्त्रक्रियेत उजव्या काखेतल्या धमनीतून मेंदूला रक्त पोहोचवण्याची पद्धत आज रूढ आहे. या रुग्णांत ते रक्त उजव्या कॅरॉटिडपर्यंत जातच नाही.

जन्मानंतर बिघडणाऱ्या वाहिन्यांची गोष्ट निराळी, आणि तिच्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. मिकिटो ताकायासू या जपानी नेत्रवैद्याने 1908 साली एका तरुणीच्या डोळ्यातल्या विचित्र रक्तवाहिन्यांचे वर्णन केले. महाधमनीच्या भिंतीला सूज येऊन तिच्या शाखा आक्रसतात, असा तो ताकायासूचा आजार. जपानमध्ये कमानीच्या शाखा जास्त बाधित होतात, भारतीय रुग्णांत पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या धमन्या. त्यामुळे आपल्याकडे तो कित्येकदा ऐन विशीतल्या मुलीच्या वाढलेल्या रक्तदाबाच्या रूपात समोर येतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन, डॉ. जी. बी. परुळकर आणि सहकाऱ्यांनी अशा 101 रुग्णांच्या अभ्यासावर 1973 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. सेन यांचे नाव 1968 च्या हृदयरोपणासाठी घेतले जाते. हा ग्रंथ त्याइतकाच मोलाचा आहे, कारण या देशातल्या रुग्णांच्या धमन्या त्यांनी इथेच, प्रत्यक्ष पाहून समजून घेतल्या.

ताकायासूचा आजार पकडायला महागडे यंत्र लागतेच असे नाही. दोन्ही मनगटांची आणि दोन्ही जांघांची नाडी, दोन्ही हातांचा आणि एका पायाचा रक्तदाब, एवढ्याने संशय पक्का होतो. महाधमनी जन्मतः आक्रसलेल्या बाळालाही जांघेतली नाडीच पकडून देते. तरीही घाईच्या बाह्यरुग्ण विभागात पट्टा एकाच हाताला बांधला जातो, हे दुखते.

म्हणून एक विनंती. विच्छेदनगृहात, कॅथलॅबमध्ये किंवा शस्त्रक्रियेच्या टेबलावर वेगळी वाहिनी दिसली, तर तिचे रेखाटन, छायाचित्र आणि चार ओळींची नोंद त्याच दिवशी करून ठेवा, आणि ती विभागाच्या वहीत सर्वांना पाहता येईल अशी ठेवा.