माल मिरजेचा, दावा विजापूरचा



   वकिलांच्या या परिषदेचा अध्यक्ष म्हणून कार्यकारिणीने माझ्याकडे व्यापारचिन्ह कायद्याचा आढावा मागितला आहे. तो असा: पहिला कायदा 1940 चा, नंतरचा 1958 चा, सध्याचा 1999 चा, आणि तो लागू झाला 15 सप्टेंबर 2003 पासून. आढावा संपला. आता जे बोलायला मी इतकी वर्षे थांबलो ते बोलतो.

कलम 27 म्हणते, नोंदणी नसलेल्या चिन्हाच्या उल्लंघनाचा दावा लावता येणार नाही. पण लगेच पुढच्या पोटकलमात म्हणते, आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणाऱ्यावर पासिंग ऑफचा दावा लावण्याचा हक्क शाबूत आहे. कलम 34 जुन्या वापरकर्त्याला नंतर आलेल्या नोंदणीवाल्यापासूनही वाचवते. तिरुनेलवेलीच्या हलव्याच्या खटल्यात 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने तर हा हक्क नोंदणीच्या हक्काहून व्यापक ठरवला. कागदावर इतका मान! आणि दावा लावायला निघालात की कलम 134 आडवे येते. नोंदणीवाल्याने आपल्या गावच्या जिल्हा न्यायालयात दावा लावावा. पासिंग ऑफवाल्याने मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 20 धरून प्रतिवादी राहतो तिथे किंवा वादकारण घडले तिथे जावे.

माझा एक अशील मिरजेचा मसालेवाला. वडिलांपासूनचा धंदा, नोंदणी नाही. त्याचा माल विजापूरच्या बाजारात जायचा. तिथल्याच एकाने तेच नाव एक अक्षर फिरवून घेतले, पिवळे पाकीट, लाल पट्टा, सगळे तसेच. नकली माल विजापूरबाहेर येईना, म्हणून मिरजेत वादकारण नाही. तिथे वकील नेमला, कागदपत्रांची कानडी भाषांतरे केली, जुनी बिलबुके पोत्यात भरून नेली. एसटीने पहाटे निघायचे, दुपारी पुढची तारीख घेऊन परतायचे. मनाई हुकूम मिळेपर्यंत गिऱ्हाईक गेले होते. शेवटी अशिलाने काय केले? स्वतःच्याच पाकिटाचा रंग बदलला. वडिलांनी निवडलेला रंग होता तो.

सकाळच्या परिसंवादात एक तरुण मित्र म्हणाले, ‘लहान धंदेवाल्याला ऑनलाइन अर्जाची फी 4500 रुपये, नोंदणी करून टाकावी.’ जरूर करावी. माझ्या कचेरीत येणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगतो. पण तो येतो कधी? नक्कल बाजारात आल्यावर! तोवर त्याला नोंदणी नावाची गोष्ट असते हेच ठाऊक नसते. त्याने नाव कमावले ते माल विकून, अर्ज भरून नव्हे.

दुसरा वाद रंगला तो साम्य कसे पाहायचे यावर. माझ्यापुरता तो एका साक्षीदार आजींनी मिटवला. उलटतपासात समोरच्या वकिलांनी उदबत्तीचे दोन पुडे शेजारी ठेवून फरक विचारायला सुरुवात केली. आजींना वाचता येत नव्हते. त्या म्हणाल्या, ‘साहेब, दुकानदार मला दोन्ही शेजारी ठेवून दाखवतो व्हय?’ 1972 साली ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले होते. आजींच्या त्या उत्तरानंतर वकिलांनी प्रश्न विचारला नाही.

आणि आपल्या हुशारीबद्दलही बोलतो. वेष्टनावरच्या चित्राचा कॉपीराइट पुढे करायचा, त्या कायद्याच्या कलम 62 खाली घरच्या न्यायालयात दावा लावायचा आणि पासिंग ऑफ त्याच्या शेपटाला बांधायचे, ही युक्ती आपण सगळ्यांनी लढवली. धोधा हाऊस खटल्याच्या निकालाने ती बंद झाली: एका वादकारणाची अधिकारिता दुसऱ्याला मिळत नाही. निकाल तर्काला धरून आहे. माझे भांडण न्यायालयाशी नाही, संसदेशी आहे.

यावर एक ज्येष्ठ सहकारी नेहमी म्हणतात, पासिंग ऑफवाल्यालाही घरच्या न्यायालयात दावा लावण्याची सवलत दिली तर बड्या कंपन्या लहान दुकानदाराला मुंबई-दिल्लीला खेचतील. अहो, त्या आजही खेचतात! त्यांच्याकडे नोंदणी आहे. राहिला कोण? ज्याच्याकडे वकील लावायला पैसे नाहीत आणि दुकान बंद ठेवून जायला माणूस नाही, तोच. खेचले जाण्याची भीती त्याच्या नावाने सांगायची आणि घरच्या न्यायालयाचे दार त्याच्याच तोंडावर लावायचे, हा न्याय मला मान्य नाही.

मागणी साधी आहे. कलम 134 च्या दुसऱ्या पोटकलमात पासिंग ऑफचा दावाही घाला. गैरवापर होऊ नये म्हणून वादीने त्या जिल्ह्यातला जुना, सलग वापर दाव्याबरोबरच कागदांनी दाखवावा. किती वर्षांचा, ते समिती ठरवील. समितीत कोण असावे, तेही या परिषदेने ठरवावे; मसुदा मी दिवाळीनंतर पाठवतो. व्यापारी संघटनांशी बोलायचे आहे, खासदारांना भेटायचे आहे, ते कसे हे पुढे पाहू. पण उद्याच्या समारोपात अभिनंदनाचे ठराव होतील, त्यांच्या आधी हा ठराव मांडला जावा, एवढा अध्यक्षाचा अधिकार मी वापरणार आहे. विरोध करायचा असेल त्यांनी खुशाल करावा. फक्त आपण शेवटचा पासिंग ऑफचा दावा परजिल्ह्यात कधी चालवला, ते आधी सांगावे.