गटाची सहल: समुद्राकाठानं, सावकाश

आज कर्ज, हप्ते, गांडूळखत हे विषय बाजूला ठेवू. आज बोलायचंय सहलीबद्दल. आमच्या गटातल्या बारा जणी गेल्या वर्षी पाच दिवस कोकणात, समुद्राच्या काठाकाठानं फिरून आल्या. तेव्हापासून आजूबाजूच्या गटांतल्या बायका विचारतात, ‘तुम्ही जमवलं कसं?’ म्हणून आज आखणी सांगतो. कुठं जायचं, कधी जायचं, पैसे कसे साठवायचे, सगळं.

आधी एक अवघड गोष्ट. बाई देवाला चालली म्हटलं की घरातून कुणी अडवत नाही. लग्नाला, बारशाला, बाळंतपणाला चालली तरी नाही. पण ‘फिरायला चालले’ म्हटलं की प्रश्न सुरू होतात. कशाला? कुणाबरोबर? म्हशीची धार कोण काढणार? आमच्यातल्या दोघी-तिघींनी सुचवलं होतं की घरी हरिहरेश्वराचं नाव सांगू. पण बैठकीत ठरलं, खोटं सांगायचं नाही. फिरायला चाललोय, हेच सांगायचं, आणि निघायच्या दोन महिने आधी सांगायचं. धारेची आणि सैपाकाची सोय ज्या सहलीला येणार नव्हत्या त्यांनी वाटून घेतली. पुढच्या वेळी त्या जातील तेव्हा आम्ही करू. आमच्या थोरल्या आक्का पासष्टीच्या. साताऱ्याच्या या बाजूला सगळा जन्म गेला, पण समुद्र पाहिलेला नव्हता. त्यांना कुणीतरी विचारलं, ‘कुठल्या देवाला?’ त्या म्हणाल्या, ‘देवाला नाही, समुद्राला.’ त्यांच्या घरात दोन दिवस अबोला होता. पण आक्का गेल्या.

आता पैसे. गटाच्या बचतीला आणि कर्जाच्या पैशाला सहलीसाठी हात लावायचा नाही, हा पहिला नियम. आम्ही वेगळा डबा केला. दर आठवड्याला प्रत्येकीचे ५० रुपये. वर्षाचे ५२ आठवडे धरले तर एकीचे २,६०० आणि बारा जणींचे ३१,२०० रुपये होतात. वही वेगळी, सही वेगळी. या पैशात गाडीभाडं, राहणं, जेवण बसवायचं, बसलं नाही तर एक दिवस कमी करायचा, पण उसनवारी करायची नाही. गाडीचं भाडं ठरवताना डिझेल, टोल आणि ड्रायव्हरचं जेवण-झोपणं कुणाकडे, हे आधीच बोलून घ्या. गाडी परवडत नसेल तर एसटी आहेच. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. एसटीनं फिरायचं तर ठिकाणं कमी करा.

कधी जायचं? जून ते सप्टेंबर कोकणच्या समुद्राकडे सहलीला जायचं नाही. समुद्र खवळलेला असतो. १ जून ते ३१ जुलै तर मासेमारीही बंद असते. आम्ही माघी पौर्णिमेचा सुमार धरला. रथसप्तमीपर्यंतची हळदीकुंकवं उरकलेली असतात आणि ज्वारीची काढणी अंगावर आलेली नसते. पौर्णिमा धरण्याला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे भरती-ओहोटी.

हे नीट ऐका, कारण समुद्रावर सगळं यावर चालतं. दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, आणि भरतीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तास पुढे सरकते. कोकणात याचा जुना हिशोब आहे, तोही तिथीचा. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जेवढे तास येतील त्या सुमाराला भरती पूर्ण. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहाच्या सुमाराला. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला १५ धरा, येतात सव्वाअकरा. सकाळी जी वेळ तीच साधारण रात्रीची, आणि मधल्या सहा तासांनी ओहोटी. तासभर मागंपुढं धरा आणि तिथल्या माणसाला विचारून खात्री करा. म्हणजे पौर्णिमा-अमावस्येला संध्याकाळी पाच-सहाला पाणी लांब गेलेलं असतं. सूर्य मावळताना घट्ट ओल्या वाळूवरून मैलभर चालता येतं. गुडघे दुखणारीलाही तिथं चालणं सोपं जातं. मात्र पौर्णिमा-अमावस्येची भरती उधाणाची असते, पाणी नेहमीपेक्षा वर येतं. तेव्हा दुपारच्या भरतीला पाण्यापासून लांब बसायचं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, ती मवाळ.

आता वाट. रेवसपासून रेडीपर्यंत सगळा सागरी मार्ग एका दमात करायचा बेत पुष्कळ जण आखतात. मग दिवसभर गाडीत आणि समुद्र खिडकीतून. आम्ही रत्नागिरी जिल्ह्याचा उत्तरेकडचा तुकडाच घेतला: वेळास, आंजर्ले, हर्णै, दाभोळ, गुहागर. जाण्याचा आणि येण्याचा दिवस सोडला तर मधले तीन दिवस गाडीत फार वेळ बसायचं नाही.

जाताना महाबळेश्वरवरून आंबेनळी घाटानं उतरलो. घाट उजेडीच उतरायचा, म्हणून पहाटे निघालो. महाबळेश्वरला पाच नद्यांचा उगम मानतात. कृष्णा, कोयना, वेण्णा आपल्याकडे येतात. सावित्री पश्चिमेला उतरते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. पोलादपुरापर्यंत तिच्या खोऱ्यातून खाली आलो आणि तिथून मंडणगडमार्गे वेळासला पोचलो. हे नाना फडणविसांचं गाव.

वेळासला हॉटेलं नाहीत म्हटलं तरी चालेल. गावातल्या घरांतच राहायचं आणि जेवायचं. हे घडलं कासवांमुळे. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या थंडीत रात्री किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात, वाळू ओढून निघून जातात. पूर्वी ही अंडी लोक आणि कोल्ही-कुत्री काढून नेत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन राखण सुरू केली. आता अंडी कुंपणाच्या आत पुन्हा पुरतात, साधारण दीड-पावणेदोन महिन्यांनी पिल्लं निघतात, आणि सकाळ-संध्याकाळ ती समुद्राकडे सोडतात. बघायला माणसं येतात आणि घराघरात चार पैसे येतात. पिल्लांना हात लावायचा नाही, फोनचा फ्लॅश मारायचा नाही. फेब्रुवारी ते एप्रिल हा हंगाम, पण पिल्लं दिसतीलच असं कुणी सांगू शकत नाही. आम्ही गेलो त्या संध्याकाळी टोपली उचलली तर खाली नुसती वाळू. दुसऱ्या दिवशी सकाळी सात पिल्लं निघाली. तळहाताएवढीही नव्हती. लाट त्यांना मागं फेकायची आणि ती पुन्हा पुढं. बारा बायका एका ठिकाणी उभ्या असून कुणी बोलत नव्हतं, हे आमच्या गटात प्रथमच घडलं.

तिथून केळशीवरून आंजर्ल्याला. तिथं दोन रात्री. कड्यावरच्या गणपतीच्या देवळाजवळून खाली बघितलं की नारळी-पोफळी, खाडी आणि समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला दिसतो. दोन रात्री एकाच ठिकाणी राहण्याचा फायदा म्हणजे पिशव्या बांधा-सोडायचं काम नाही. दुपारी आम्ही चक्क झोपलो. आमच्यातल्या एकीनं सांगितलं की लग्न झाल्यापासून ती दुपारी कधी आडवी झालेली नव्हती. याला सहलीतला वाया गेलेला वेळ समजू नका.

हर्णैचा मासळीचा लिलाव मात्र चुकवू नका. मोठ्या होड्या समुद्रात उभ्या असतात, छोट्या होड्यांतून आणि बैलगाड्यांतून मासळी किनाऱ्यावर येते. वाळूवरच ढीग पडतात आणि बोली लागते. बोली लावण्यात बायका पुढं. एका मावशींच्या शेजारी आम्ही तासभर बसलो. आम्ही विचारलं, ‘मासळी उरली तर?’ त्या म्हणाल्या, ‘सुकवायची. पण खारवायचं मीठ आणि बर्फ दोन्ही महाग.’ मग त्यांनी विचारलं, ‘तुमची भाजी उरली तर?’ आम्ही एकमेकींकडे बघितलं. आमच्याकडे टोमॅटो रस्त्यावर ओततात. नाशवंत माल, दर ठरवणारा दुसरा, ही तऱ्हा समुद्रावर आणि रानात सारखीच आहे. फरक इतकाच, की लिलावाच्या रिंगणात त्या स्वतः उभ्या असतात. आपला माल बाजार समितीत जातो तेव्हा तिथं आपल्यातल्या किती जणी असतात?

चौथ्या दिवशी दापोलीवरून दाभोळ. आज शांत वाटणारं हे गाव एके काळी मोठं बंदर होतं. बहमनी आणि आदिलशाही काळात अरबस्तानातून घोडे इथं उतरायचे आणि इथून कापड जायचं. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीजांनी ते जाळलं. दाभोळहून पलीकडे धोपाव्याला गाडीसकट फेरीबोटीतून जायचं. गाडी बोटीवर चढली की खाली उतरून कठड्याजवळ उभं राहा, खाडी बघण्यासारखी असते. ही खाडी वाशिष्ठी नदीची. आपल्या कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून याच वाशिष्ठीत सोडतात. आम्ही टँकरची वाट बघणाऱ्या बायका. आपल्या डोंगरावरचं पाणी कुठं जातं ते त्या बोटीवर डोळ्यांनी बघितलं आणि त्यावर बराच वेळ बोललो. फेरीबोटीची वेळ आणि भाडं आधी फोनवर विचारून घ्या. शेवटची बोट चुकली तर चिपळूणवरून लांबचा वळसा पडतो.

गुहागरला शेवटची रात्र. लांबच लांब किनारा, पोफळीच्या बागा आणि व्याडेश्वराचं देऊळ. पाचव्या दिवशी चिपळूण, कुंभार्ली घाट आणि घर.

जपायच्या गोष्टी थोडक्यात. पाण्यात घोट्यापर्यंत, फार तर पिंडरीपर्यंत. ओहोटी लागलेली असताना पाण्यात उतरायचंच नाही, कारण पाणी आत ओढतं. ओलं लुगडं किंवा साडी भलती जड होते, पायात गुंतते. खाडीच्या मुखाशी उतरायचं नाही. गणपतीपुळ्यासारख्या किनाऱ्यांवर चांगले पोहणारेही बुडालेत. कुणी ओढली गेली तर मागं उडी टाकायची नाही, दोर किंवा रिकामं झाकणबंद कॅन फेकायचा, ओरडून कोळी बांधवांना बोलवायचं, ११२ ला फोन करायचा. रात्री किनाऱ्यावर एकटीनं जायचं नाही. दर दोन तासांनी गाडी थांबवायची आणि शौचालय कुठं आहे ते मुक्कामाच्या घरी विचारून ठेवायचं. लाजून पाणी कमी पिणं नको. पाळी आलेली असेल तर ती घरी राहणार नाही, सोय आपण करायची.

राहायला शक्यतो असं घर बघा जिथं बाई स्वतः पाहुण्यांचं बघते. दर आधी ठरवा आणि पैसे तिच्या हातात द्या. घावणे, कुळथाचं पिठलं, सोलकढी तिच्या हातची खा आणि एका रात्री आपण तिला भाकरी थापून घाला. आम्ही शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारी घेऊन गेलो होतो, येताना आमसुलं आणि कोकम घेऊन आलो. आता वर्षातून दोनदा एसटीच्या पार्सलनं माल जातो-येतो.

आणि थोरल्या आक्का. आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर त्या पहिल्या दिवशी पाण्यापासून हातभर लांब बसल्या आणि दिवस मावळेपर्यंत हलल्या नाहीत. काय बघताय विचारलं तर म्हणाल्या, ‘काही नाही. बसलेय.’ आम्हीही मग शेजारी बसलो.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला कॅलेंडर घेऊन बसा. माघी पौर्णिमा कधी आहे ते बघा, एक रिकामा डबा मध्ये ठेवा आणि पहिले ५० रुपये त्याच दिवशी टाका. कोण येणार, कोण मागं राहून धारा काढणार, दोन्ही नावं वहीत लिहा, कारण सहल त्या दोघींचीही आहे.