मूलभूत परिचर्या आणि जुन्नर-आंबेगावचा रुग्ण
(स्वागताध्यक्षीय भाषण)

स्वागताध्यक्षाने शिवनेरी, लेण्याद्री, ओझर आणि भीमाशंकर यांची नावे घेऊन जुन्नर-आंबेगाव परिसराचा मोठेपणा सांगावा, अशी प्रथा आहे. ती एवढ्यावरच आटोपती घेतलेली बरी, कारण परीक्षा तोंडावर आलेल्या परिचर्येच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या परिसराचे महत्त्व निराळे आहे. मूलभूत परिचर्येच्या प्रश्नपत्रिकेत जे विचारले जाते, त्यातील पुष्कळसे या दोन तालुक्यांत, विशेषतः पावसाळ्यात, प्रत्यक्ष खाटेवर पाहावयास मिळते.

रुग्ण कोणत्याही आजाराचा असो, त्याच्याजवळ जाताच परिचारिकेने जे जाणले आणि केले पाहिजे, त्याचे शास्त्र म्हणजे मूलभूत परिचर्या. माहिती घेणे व तपासणे, परिचर्या निदान, नियोजन, अंमलबजावणी आणि मूल्यमापन या तिच्या पाच पायऱ्या विद्यार्थी घडाघडा म्हणून दाखवतात. मात्र परिचर्या निदान आणि वैद्यकीय निदान यांतील फरक विचारला की अनेकांची गाडी अडते. डॉक्टर जेथे ‘न्यूमोनिया’ असे लिहितात, तेथे परिचारिका ‘कफ साचल्यामुळे श्वासमार्ग मोकळा राहत नाही’ असे लिहिते, कारण रुग्णाला बसते करणे, कफ काढण्यास मदत करणे आणि श्वसन पुन्हा मोजणे हे तिचे काम त्या वाक्यातून निघते. राज्य मंडळाची जीएनएम असो, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीएस्सी नर्सिंग असो किंवा एम्सची नॉरसेट असो, परीक्षकाला हवे असते ते हे ‘का’चे उत्तर.

सर्पदंशाच्या रुग्णाइतका हा ‘का’ दुसरा कोणताही रुग्ण शिकवीत नाही. नारायणगाव येथे डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशावरील उपचार आणि जनजागृती यांचे जे दीर्घ काम केले आहे, त्यामुळे येथील विद्यार्थ्यांना हा विषय नवा नाही; तरीही त्यातील परिचर्येचा भाग बारकाईने पाहण्यासारखा आहे. भाताच्या आवणीच्या दिवसांत ‘पान लागलंय’, म्हणजे साप चावलाय, असे सांगत नातेवाईक रुग्णाला आणतात, तेव्हा निदान निम्मे झालेले असते. मण्यार मात्र बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिच्या दंशाच्या जागी फारशी सूज नसते, दाताच्या खुणाही अनेकदा दिसत नाहीत आणि रुग्ण पहाटे पोटदुखीची तक्रार घेऊन येतो. अशा वेळी पापण्या जड होऊन खाली येत आहेत का, मान उचलता येते का आणि एका श्वासात रुग्ण कितीपर्यंत आकडे मोजू शकतो, हे परिचारिकेने पुन्हा पुन्हा पाहून वेळेसह नोंदवावे लागते. बोटाला लावलेल्या यंत्रावरील ऑक्सिजनचा आकडा श्वसनाचे स्नायू बरेच थकेपर्यंत चांगला राहू शकतो, म्हणून केवळ त्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे ठरते.

घोणस आणि फुरसे यांचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट करते आणि ते ओळखण्याची चाचणी खाटेजवळच होते. शिरेतून घेतलेले सुमारे २ मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन ती २० मिनिटे अजिबात न हलवता ठेवायची आणि मग एकदाच कलती करायची. रक्त वाहिले तर विषाचा परिणाम झाला आहे, असे समजावे. नळी काचेचीच का, याचे उत्तर असे की काचेच्या स्पर्शाने गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लास्टिकच्या किंवा साबणाचा अंश राहिलेल्या नळीत निरोगी माणसाचे रक्तही न गोठण्याची शक्यता असते. सर्पविषावरील प्रतिविषाची मात्रा मुलांना व मोठ्यांना सारखीच असते, कारण साप चावताना समोरच्याचे वय पाहून विष सोडत नाही. मूलभूत परिचर्येत वजनावरून मात्रा काढण्याची सवय लागलेल्या विद्यार्थ्याची येथेच चूक होते. प्रतिविष सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत परिचारिकेने खाट सोडू नये आणि ॲड्रेनॅलिन हाताशी भरून ठेवावे, कारण अंगावर गांधी उठणे, धाप लागणे आणि रक्तदाब उतरणे ही तीव्र प्रतिक्रिया अचानक येते.

उसाच्या पट्ट्यातील बिबट्याच्या हल्ल्यांविषयी येथे वेगळे सांगण्याची गरज नाही. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र सर्वांना ठाऊक आहे. परीक्षेच्या दृष्टीने एवढे ध्यानात ठेवावे की, वन्य प्राण्याने केलेली अशी जखम रेबीजच्या वर्गीकरणात तिसऱ्या, म्हणजे सर्वाधिक धोक्याच्या गटात मोडते आणि तिच्यावरील पहिला उपचार म्हणजे साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुणे. लस आणि इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडे, यांचा क्रम त्यानंतरचा.

श्वसनाच्या नोंदीबद्दल मात्र स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. कोणत्याही वॉर्डातील तक्ते चाळले तर अनेक रुग्णांपुढे श्वसन ‘२०’ असेच लिहिलेले आढळते, जणू सर्वांनी ठरवून श्वास घेतला असावा. तान्ह्या मुलाचा श्वास अनियमित असतो, त्यामुळे १५ सेकंद मोजून चारने गुणले तर चूकही चौपट होते. म्हणूनच मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजायचे असते. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळात मिनिटाला ६०, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून अधिक श्वास हे जलद श्वसन मानले जाते. डोंगरपट्ट्यातील वाडीवर, जेथे क्ष-किरण यंत्र नाही, तेथे न्यूमोनियाचा पहिला संशय याच मोजणीतून येतो.

पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी सेवासदन स्थापन करून स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवले, तेव्हा भल्या घरच्या बाईने परक्या रुग्णाची सेवा करावी की नाही, हाच वाद होता. आज तो वाद संपला असला, तरी शिकणाऱ्याला खाटेपर्यंत पोहोचू देण्यात आपली रुग्णालये अजूनही हात आखडता घेतात आणि विद्यार्थ्यांचा बराच वेळ चादरी बदलण्यात व कागद पोहोचवण्यात जातो. दोन्ही तालुक्यांतील वैद्यकीय अधिकाऱ्यांना व अधिसेविकांना स्वागत समितीची विनंती आहे की, येत्या पावसाळ्यात रात्रपाळीवर प्रत्येक वेळी निदान दोन विद्यार्थी ठेवावेत, सर्पदंशाच्या रुग्णाची २० मिनिटांची चाचणी त्यांच्या हातून करून घ्यावी आणि तिची नोंद त्यांच्या प्रात्यक्षिक वहीत स्वतःच्या सहीने प्रमाणित करावी.