एकतीस घरांतले दाणे

उत्सवातली एक संध्याकाळ गणिताची म्हणून मंडळाने आम्हा तिघा निवृत्त शिक्षकांच्या हवाली केली आहे. आरतीला उशीर होऊ देणार नाही, एवढे आधीच सांगतो.

बाप्पापुढच्या 21 मोदकांचे तीन किंवा सात सारखे वाटे पडतात. 23 असते तर? एकेक मोदक वेगळा, नाहीतर सगळे एकाच ताटात. अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात.

आता बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आठवा. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. 64 घरांतल्या सगळ्या दाण्यांचे तीन सारखे वाटे होतात. पण 31व्या घरापाशी थांबलात तर जमतात 2147483647 दाणे, आणि त्यांचे वाटे काही केल्या होत नाहीत.

हे कशावरून? दोन अवयवांतला लहान अवयव वर्गमूळाच्या आतच असणार, म्हणजे 46340 पर्यंत. तिथवरच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की झाले. पण त्याही पावणेपाच हजारांवर आहेत!

1772 मध्ये सेंट पीटर्सबर्गला ऑयलरने हे काम केले, तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. आम्हाला कौतुक वाटते ते त्याने किती भागाकार टाळले याचे. या संख्येला मूळ अवयव असलाच, तर त्याला 62 ने भागून 1 उरलाच पाहिजे (62 म्हणजे 31 दुणे), आणि 8 ने भागून 1 किंवा 7. या दोन चाळण्यांतून ऐंशीच्या आसपास संख्या उरतात. त्यांतल्या एकीनेही भाग जात नाही. ऑयलरने बर्नुलीला तसे पत्राने कळवले.

'पण काका, उपयोग काय?' हा प्रश्न मुले विचारतातच. 1811 मध्ये इंग्लंडच्या पीटर बार्लोने तर लिहून ठेवले, की अशा संख्या नुसत्या नवलाच्या, उपयोगाच्या नव्हेत. तेव्हा याच्या पुढे कोणी जाणार नाही. लोक गेले. 2024 मध्ये सापडलेल्या मूळ संख्येत चार कोटी दहा लाखांवर अंक आहेत. आणि दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार सोपा, पण त्यातून त्या वेगळ्या काढणे महाकठीण, या अडचणीवरच 1977 पासून गुप्त संदेशांची कुलपे बनू लागली.

आपल्या संख्येची आणखी एक ओळख आहे. अनेक जुने संगणक 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद मोजतात आणि आकड्यासाठी त्यांच्याकडे 31च घरे असतात. 19 जानेवारी 2038 रोजी ती भरतील आणि दुरुस्ती न केलेली घड्याळे चुकतील. यात तिच्या मूळपणाचा काही संबंध नाही, हे मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवे.

ऑयलरच्या चाळणीतून उरणारी पहिली संख्या 311. तिने काल आम्ही हातानेच भागून पाहिले: बाकी 35. पुढची 1303. कागद आणि पेन्सिली मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत.