नकाशावरील तांबडी शाई
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आम्ही पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेले शाळामास्तर. बांधकाम आणि संगणक यांवर आम्ही बोलावे, हे काहींस धारिष्ट्य वाटेल. परंतु निवृत्तीनंतर पुतण्याच्या ठेकेदारीच्या कचेरीत आम्ही नकाशांची नोंदवही सांभाळू लागलो. तेथे जे पाहिले, ते या व्यवसायातील आपल्या तरुणांपुढे ठेवणे आम्हांस कर्तव्य वाटते.

आज नकाशे येतात ते बहुधा पीडीएफच्या रूपाने. अडोबी कंपनीने १९९३ साली हा प्रकार आणला व २००८ साली त्यास आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. कोणत्याही यंत्रावर पान जसेच्या तसे दिसावे, हा त्याचा हेतू. त्यावरून पीडीएफ बदलता येत नाही, अशी पुष्कळांची समजूत होते. ती खरी नव्हे.

गेल्या वर्षी एका कामावर दरवाजाची जागा चुकली व बांधलेली भिंत पाडावी लागली. दोष मिस्त्रीच्या माथी येऊन त्याची मजुरी कापली गेली. "नकाशात होते तसेच बांधले," असे तो परोपरीने सांगत होता. पण कचेरीतील नकाशा निराळेच माप दाखवी. पुढे त्याने जपून ठेवलेली छापील प्रत निघाली, तेव्हा उलगडा झाला. कचेरीतच कोणीतरी फाइलीतील मूळ आकडा पुसून नवा घातला होता. नाव नाही, तारीख नाही! पुतण्याने मजुरी परत केली. परंतु तो मिस्त्री पुन्हा आमच्या कामावर आला नाही.

आम्ही आयुष्यभर वह्या तपासल्या. विद्यार्थ्याचे अक्षर खोडून आपले लिहिले नाही. तांबड्या शाईने वर शेरा दिला व खाली सही केली. नकाशासही हाच न्याय लावावा. ब्लूबीमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ रेषांस धक्का न लावता बदलाच्या जागेभोवती ढगाची आकृती काढून शेरा लिहिता येतो. शेऱ्यासोबत करणाराचे नाव व तारीख राहते. जुना व नवा नकाशा एकावर एक ठेवून फरक दोन रंगांत पाहता येतो. मात्र सारी कचेरी एकाच नावाने काम करील, तर या नोंदीस काय अर्थ?

मोजमापातही सावध असावे. ए-१ आकाराचा १:१०० प्रमाणाचा नकाशा ए-३ कागदावर लहान करून छापला, की त्याचे प्रमाण १:२०० होते. तो स्कॅन करून जुन्याच प्रमाणाने मोजल्यास लांबी निम्मी व क्षेत्रफळ चतुर्थांश भरते. ४०० चौरस फूट फरशीचा अंदाज १०० चौरस फूट निघतो! यास्तव नकाशावर लिहिलेल्या एखाद्या मापाशी ताडून प्रमाण आधी निश्चित करावे.

तरुण मित्रांनो, सुधारित नकाशा कामावर पाठवाल, तेव्हा त्यावर क्रमांक व तारीख घाला आणि जुनी प्रत 'रद्द' असा शेरा देऊन जपून ठेवा. एखाद्या गरिबाचा खरेपणा त्या जुन्या प्रतीवरच सिद्ध व्हायचा असतो.